सहा कप, सहा देश

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या काळाची नोंद नंतर कुठे सापडत नाही, ती चूक माझ्या बाबतीत नको.
कंपनीत चहा चाखणारे साहेब, ज्यांना सगळे नाकसाहेब म्हणतात, ते रिटायर होतायत. त्यांच्या जागेसाठी २७ला परीक्षा. कोणीही बसू शकतं. बावीस वर्षं मी गोदामात चहाच्या खोक्यांवर लेबलं चिकटवतोय. चीन, केनिया, जपान, श्रीलंका, सगळं जग या हातांखालून गेलंय. नोकरीची तीन वर्षं उरली. चाखायच्या खोलीतल्या त्या लांब पांढऱ्या टेबलापाशी एकदा तरी चाखणारा म्हणून उभं राहायचंय. फार मनापासून वाटतं.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, अहो, परवा नासलेलं दूध घटाघटा प्यायलात. दूध हा माझा विषय नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प: कांदा, लसूण आणि वासाचा साबण बंद. नाक आणि जीभ कोरी हवी.

३ फेब्रुवारी, दुपारी १
डब्यात कांद्याची भाजी. खाल्ली. अन्न टाकणं बरं नव्हे. उद्यापासून काटेकोर.

७ फेब्रुवारी
भुरक्याचा सराव. चाखणारा चहा पीत नाही. चमच्यातून जोरात भुरकतो, तोंडात घोळवतो आणि शेजारच्या उंच भांड्यात थुंकतो. आवाज मोठा तेवढी जीभ तयार. आज असा भुरका मारला की वरचे मास्तर खाली विचारायला आले, तुमची मोरी तुंबलीय का? सौ. म्हणाली, नाही, हे अभ्यास करतायत.
थुंकणं मात्र मला पटत नाही. ज्यांना खात्री नसते ते थुंकतात. मी गिळतो.

१२ फेब्रुवारी
दिवसाला चौदा कप. हात थरथरतात. एकाग्रता वाढल्याची खूण. लेबलं जरा तिरकी लागतायत. सुपरवायझर बोलला. त्याला काय कळतंय, महिन्याभरानं मला साहेब म्हणेल.

१५ फेब्रुवारी
खोकी पोचवायच्या निमित्तानं चाखायच्या खोलीत शिरलो. तिथे कप धुणाऱ्या बाई असतात, अकरा वर्षं तेच काम. टेबलावरचा एक कप उचलून भुरका मारला आणि म्हटलं, श्रीलंका. उंचावरचा. संत्र्याच्या सालीची हलकीशी आठवण. बाई म्हणाल्या, भाऊ, त्यात विसळायचं गरम पाणी आहे.
मी म्हटलं, मग तुमचं विसळणं नीट नाही. बाईंनी पदर तोंडाला लावला. बहुतेक हसत होत्या.

२० फेब्रुवारी
नाक वाहतंय. सौ. म्हणते सर्दी आहे, वाफ घ्या. ही सर्दी नाही. बावीस वर्षांची धूळ बाहेर पडतेय, नाक मोकळं होतंय.
साबण सोडल्याला सतरा दिवस. सौ.नं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलंय. कलेपायी घरच्यांनाही थोडं सोसावं लागतं.

२७ फेब्रुवारी
परीक्षा! पांढऱ्या टेबलावर सहा कप. नाकसाहेबांनी स्वतः पानं तोलली, पाणी ओतलं, सहा मिनिटं झाकून ठेवलं. प्रश्न एकच: यात कोणकोणते चहा आहेत?
आम्ही तिघं. हिशेबातला म्हणाला, दोन प्रकार आहेत. पॅकिंगमधला म्हणाला, तीन. मला हसू आवरेना. मी सहा सांगितले. सहा देशांतले. पहिल्यात डोंगरावरचं धुकं, दुसऱ्यात लाकडाचा धूर, चौथ्यात तर मला समुद्रच दिसला. पाऊण तास बोललो. सहाही कपांचा रंग सारखाच होता, पण रंगावर नवशिके जातात. नाकसाहेबांनी मधेच डोळे मिटून घेतले. भारावले असणार. मागे बसलेला जाहिरात विभागाचा पिवळा टाय माझा शब्द न् शब्द उतरवत होता.
सौ.ला फोन केला, झाल्यातच जमा आहे. तिनं लगेच तिच्या भावाला कळवलं.

२८ फेब्रुवारी
सहाही कपांत एकच चहा होता. आमचाच. लाल पाकिटातला, सगळ्यात साधा.
परीक्षेनंतर कप उचलताना धुणाऱ्या बाईंनी एकेक हुंगला आणि विचारलं म्हणे, साहेब, आज एकच चहा सहा वेळा का? नाकसाहेबांनी तिथल्या तिथे त्यांच्यापुढे वीस वेगळे कप मांडले. एकोणीस बरोबर. जागा त्यांना.
मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. खोटं कशाला लिहू.
बाहेर पिवळा टाय वाट बघत होता. म्हणाला, एकाच चहाची सहा वर्णनं! असा माणूस आम्हाला शोधून सापडला नसता. लाल पाकिटातला चहा आता सहा रंगांच्या पाकिटांत, सहा नावांनी निघणार, मागे माझा मजकूर. माझं नाव नाही छापणार. माझं काम लेबलांचंच, फक्त आता सहा प्रकारची.
घरी सांगितलं, निवड झाली. झालीच आहे, मजकुराची. सौ.चे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाली, मी उगाच टोकत होते हो तुम्हाला. आता तिला कसं सांगणार? योग्य वेळ बघून सांगेन.

१० मार्च
योग्य वेळ आली नाही.

१९ एप्रिल
सौ. दुकानातून आमचं नवं हिरवं पाकीट घेऊन आली. कौतुकानं म्हणाली, तुम्हीच चाखला असेल ना? मी मान हलवली. तिनं चहा टाकला, कप हातात दिला आणि पाकिटामागचा मजकूर मोठ्यानं वाचला. डोंगर, धुकं, सगळं. मग एक घोट घेतला, परत वाचलं, परत घोट घेतला.
म्हणाली, अहो, हा तर आपला नेहमीचाच आहे. हे ज्यानं लिहिलंय त्या मेल्यानं जन्मात चहा प्यायलेला नाही. तुमच्या जिभेच्या जिवावर असली माणसं पगार खातात! साहेबांशी बोला आणि काढून टाका त्याला. आता तुमचं ऐकतील.
मी म्हटलं, उद्याच बोलतो.