चॉकलेटचा गुन्हा तेवढा कबूल कर

ती. मावशीस यान्रूचा वाकून नमस्कार. शांघायच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? इकडे शाओशिंगला सगळे ठणठणीत, मी सोडून.

माझ्या पोटाचं तुला ठाऊकच आहे. दर महिन्याला मी जमिनीवर वेटोळं करून पडते आणि पेइलिन (तुझा जावई, माणूस भला) गरम पाणी आणून देतो. त्याच्या मते गरम पाण्याने पोटदुखीपासून भूकंपापर्यंत सगळं थांबतं. शेवटी सासूबाईंनी वैद्य फांगना गाठलं. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि गर्भाशय गारठलंय म्हणाले. काढा आला, त्यात झुरळाचे चुलतभाऊ उकळलेले (साचलेलं रक्त हलवतात म्हणे, माझं तर बघूनच हललं). खोटं कशाला बोलू, दुखणं थोडं कमी झालं. सोनोग्राफीत दिसलेली अंडाशयातली गाठ मात्र हलली नाही.

मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पाळी थांबवणारं इंजेक्शन दिलं. अंगाचा असा भडका उडाला, की ऐन हिवाळ्यात मी खिडकी उघडून पंख्याने वारा घेत बसले. गर्भाशय एकदाचं तापलं, असं सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं आणि वैद्यांकडे संत्र्यांची पेटी धाडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनच हवं. सासूबाई अडून बसल्या. पोटाला भोक पाडलं की आतली शक्ती निघून जाते, मग नातवंड कुठलं? मी रडकुंडीला आले. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी गाठीचं नाव सांगितलं. जुनं रक्त साचून ती काळपट तपकिरी होते, म्हणून सगळे तिला चॉकलेटची गाठ म्हणतात. सासूबाईंनी पुढचं ऐकलंच नाही.

"चॉकलेट? तरी मी म्हणत होते! लग्नात सगळे दुधाच्या गोळ्या वाटतात, हिच्या मावशीने चॉकलेटं आणली. हिने एकटीने चापली. काढून टाका, ते काही काढ्याने विरघळायचं नाही."

तुझी भाची,
यान्रू

ता. क. ऑपरेशन सोमवारी आहे. त्याआधी सासूबाईंचा तुला फोन येईल. निमूटपणे गुन्हा कबूल कर. चॉकलेटशी संबंध फक्त रंगाचा, असलं शहाणपण शिकवायला गेलीस तर माझं ऑपरेशन बोंबललंच समज.

आणखी एक. आत्ता सासूबाई माझ्या पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून गेल्या. दारात थांबून हळूच म्हणाल्या, "मलाही अस्संच दुखायचं गं. पण आमच्या वेळी चॉकलेट होतं कुठे?" मावशी, फोनवर तू त्यांना काय सांगशील?