पिंगळीची सार्वजनिक दमणी

२ मार्च १९४१
आज संस्था स्थापन झाली. पिंगळी सार्वजनिक रुग्णसेवा मंडळ. काम एकच: दुखणेकऱ्याला दमणीत, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीत, घालून परभणीच्या दवाखान्यात फुकट पोचवणे. गेल्या साली आश्रुबाची बायको कस्तुराबाई कळा देत भर उन्हात पायी निघाली अन् लेकरू वाटेतच गेलं. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. बैल माझा, दमणी माझी, हेतू पब्लिकचा.
कमिटी: पत्नी गौराबाई, बहीण महानंदा, आई भागम्मा. प्रेसिडेंट शिवरुद्रप्पा, म्हणजे मी. तहहयात. बाहेरची माणसं घेतली की भांडणं होतात. ठराव एकमतानं पास. आईला डुलकी लागली होती, पण मान हलत होती.

५ मार्च
दमणी उभी राहिली की बैल सुस्तावतो. म्हणून ट्रायल घेतली. परभणीला, सासुरवाडीपर्यंत. गादी मऊ आहे. पेशंटचे हाल होणार नाहीत.

११ मार्च
पुन्हा ट्रायल. मेहुण्याचं लग्न.

१४ मार्च, दुपारी
मुंजाजी सुतार तापानं फणफणत दारात. म्हणाला, मालक, मला न्या की दवाखान्यात. समजावून सांगितलं: जिल्ह्याचे मोठे अंमलदार तालुकदारसाहेब, त्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय पेशंट बसवता येत नाही. मी बसतो ते चालतं, मी पेशंट नाही. त्याला पटलं असावं. उठला अन् पायीच परभणीकडं निघाला.

२० मार्च
गौराबाई विचारते, दमणी लोकांची हाय का तुमची? बायकांना संस्था समजायला वेळ लागतो. म्हणालो, लोकांचीच, फक्त ताबा माझा. म्हणाली, कस्तुराबाईचे दिवस भरत आलेत, तेवढं ध्यानात असू द्या.
निश्चय: उद्घाटनानंतर पहिला पेशंट कस्तुराबाईच.

२८ मार्च, सकाळी
साहेब आज दुपारच्या रेल्वेनं येणार! दमणीला आंब्याचे डहाळे, फीत. मला शेरवानी. सगळा इंतजाम पक्का.

२८ मार्च, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही.
रेल्वेची वाट बघत स्टेशनाबाहेर दमणीत बसलो होतो. गौराबाई अनवाणी पळत आली. सगळ्यांदेखत. म्हणाली, कस्तुराबाई अडलीय, उतरा खाली. मी म्हणालो, हळू बोल, रेल्वे सिग्नलला आलीय, फीत तेवढी कापू दे. ती म्हणाली, साहेबाला पाय हायेत. माझ्या हातातला कासरा ओढून घेतला, मला खाली उतरवलं अन् स्वतः हाकायला बसली. बैल असा उधळला, जसा ट्रायलमध्ये कधी उधळला नव्हता. फीत चाकाखाली.
रेल्वे आली. साहेब खिडकीशी झोपलेले दिसले. तसेच पुढं गेले. हार स्टेशनमास्तरांना घातला. त्यांना आनंद झाला.

२९ मार्च
मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले म्हणे, आणखी जरा उशीर झाला असता तर. महानंदा पुढचं सांगत होती, मी उठून बाहेर गेलो. ओट्यावर बराच वेळ बसलो.
मात्र खरं श्रेय ट्रायलचं. बैलाला परभणीचा रस्ता पाठ झाला होता.

३१ मार्च
कमिटीची मीटिंग झाली. चुलीपुढं. मला नोटीस नव्हती. नवीन प्रेसिडेंट गौराबाई. एकमतानं. आई या वेळी टक्क जागी होती. मी तहहयात या शब्दाचा अर्थ सांगायला लागलो. महानंदा म्हणाली, अण्णा, सरक जरा, भाकर करपायली.

६ एप्रिल
बाळंतिणीला आणायला परभणीला गेलो. दमणीत दोघी-तिघी बायका, जागा नव्हती. मागून चालत गेलो. मागं कुणीतरी जबाबदार माणूस लागतोच.
दवाखान्याच्या दारात नर्सनं विचारलं, आपण कोण? संस्थापक, म्हणालो. तिला काही बोध झाला नाही. मग गौराबाईच पदर सावरत म्हणाली, आमचे मालक हायेत.
छाती भरून आली.
नर्स म्हणाली, बरं झालं, मालकांना म्हणावं बाहेर थांबा अन् बैल धरा.
धरला.