तंबूतलं पद

५ जानेवारी १९३७
पहिली तालीम. तात्या नव्हते, तरी सगळे मधून मधून दाराकडे बघत होते. मंडळ त्यांनी उभं केलं, सगळी संगीत नाटकं त्यांनी बसवली. गेल्या महिन्यात सभा भरवून भास्करने आणि मी त्यांना चालकपदावरून काढलं. बेत आम्हा दोघांचाच, गोदाकाठी फिरताना ठरलेला. ‘एकदा तरी माणसं स्टेजवर नुसती बोलू देत.’ हे वाक्य त्याचं की माझं, आता आठवत नाही.

नाटक रोमन, इंग्रजीवरून. भाषांतर माझं. राजा होऊ बघणाऱ्याला त्याचेच मित्र मारतात. मग मारणाऱ्यांतले दोघे एकमेकांशी भांडतात. ते दोघे म्हणजे भास्कर आणि मी.

८ जाने.
तंबूचा प्रवेश. दोघे कटवाले एकमेकांवर तुटून पडतात, मग मिटवतात. कशासाठी भांडतात? वर्गात इतक्यांदा शिकवलं, पण नीट सांगता येत नाही. दोघांचंही खरं वाटतं.

भास्कर कचेरीतून थेट आला. ‘मास्तर, हे भांडण नवरा-बायकोचं आहे रे.’ हसलो. घरी येईपर्यंत पटलं.

उस्मानभाई पडदे रंगवतो. रोमन तंबूला त्याने झालर आणि सोनेरी कळस काढलाय. म्हटलं, हा मोगली झाला. ‘फौजेचा तंबू तो फौजेचा. रोमवाले काय उघड्यावर झोपत होते?’ राहू दिला.

११ जाने.
तालीम संपल्यावर भास्कर म्हणाला, ‘तंबूत एक पद टाकू. भांडण मिटल्यावर. एकच.’
‘कोण म्हणणार?’
‘मी. तू गायलास तर लढाईआधीच शत्रू पळेल.’
सगळे हसले. मीही. मग म्हटलं, नाही.
‘अरे, आता टॉकी सिनेमातसुद्धा गातात. तुझेच रोमन तेवढे कोरडे?’
‘मग तात्यांना कशाला काढलं?’
त्याने चपला घातल्या, गेला. पान खाऊन परत येईल वाटलं. आला नाही.

१४ जाने. संक्रांत
तिळगुळाचा डबा घेऊन भास्करकडे गेलो. त्याची आई म्हणाली, ‘तो तात्यांकडे गेलाय की. सकाळीच.’

परतताना भांडीबाजारातून आलो. तात्यांच्या दुकानावरच्या माडीतून पेटी ऐकू येत होती. गळा भास्करचा.

सणाला माणूस थोरांच्या पाया पडायला जातो. मीही दरवर्षी जातो. यंदा गेलो नाही. मग फितूर तो झाला, की रीत मी मोडली? खाली उभा राहून ऐकलं. चांगलं गात होता. डबा घरी आणला. सौ. म्हणाली, ‘हे काय, भरलेलाच?’

१५ जाने.
भास्कर शाळेच्या फाटकाशी उभा.
‘तात्यांनी हे नाटक मुंबईला पाहिलंय. गोऱ्या साहेबांच्या कंपनीचं. म्हणतात, त्या तंबूत मुळातच गाणं आहे. खरं का?’
‘आहे.’
‘तू गाळलंस?’
‘हो.’
‘मला न सांगता?’
‘तू तात्यांकडे गेलास, मला न सांगता.’
‘तिळगूळ द्यायला गेलो होतो!’
‘पेटी घेऊन?’
पोरं बाहेर पडत होती. आवाज खाली आणून म्हणाला, ‘दोघांनी मिळून एका म्हाताऱ्याला उठवलं. मला वाटलं, आपल्याला सगळं ठाऊक आहे. मला अर्धंच ठाऊक होतं.’

दार किलकिलं ठेवलं की सगळी पदं आत घुसतील, म्हणून गाळलं. हे कारण पुरेसं आहे. त्याला का सांगितलं नाही, याला कारण सापडत नाही.

१९ जाने.
अबोला. तालमीला येतो, वाक्यं चोख बोलतो. बाकी उस्मानभाईमार्फत.
‘मास्तर, समोरचे गृहस्थ म्हणतात, माझ्या वाक्याला पाठ फिरवू नका.’
‘त्यांना सांगा, लिहिलंय तसं.’
‘लिहिलंय तसं, म्हणे.’ मग ब्रश खाली ठेवून, ‘एकदाचं खरं भांडून घ्या ना. मला रंग वाळवायचाय.’
कोणी हसलं नाही.

२३ जाने.
आज प्रवेशात भास्कर म्हणाला, ‘तुला सोबती नको होता, होकार देणारा हवा होता.’ हे वाक्य माझ्या भाषांतरात नाही. विसरला म्हणून जोडलं? पुढचं वाक्य मला सुचेना. शेवटी आपसूक जे बोललो तेही भाषांतरात नव्हतं. मंडळी म्हणाली, आज प्रवेश रंगला.

मिटवताना हात हातात घ्यायचा असतो. घेतला. नंतर त्याने तो धोतराला पुसला. घाम असेल.

२७ जाने.
सौ.ला विचारलं, चूक कोणाची. ‘तात्यांना विचारा.’ एवढंच म्हणाली.
भांडीबाजारापर्यंत गेलो. तात्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला पातेलं वाजवून दाखवत होते. तसाच परतलो.

६ फेब्रुवारी
प्रयोग झाला. थिएटर पाऊणएक भरलं होतं. तात्या आले नाहीत.

तंबूत भांडण मिटलं. पुढचं वाक्य भास्करचं. तो थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, ‘होऊ द्या पद!’ भास्करने माझ्याकडे पाहिलं. तो गाणार असं वाटलं. त्याने गावं असंही वाटलं. आधी काय वाटलं, सांगता येत नाही. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच ठाऊक नाही. त्याने काय वाचलं कोण जाणे. पुढचं वाक्य बोलला. लिहिलंय तसं.

टाळ्या बऱ्या पडल्या. रंग न उतरवताच घरी गेला.

११ फेब्रु.
इगतपुरीहून निरोप. रेल्वेची मंडळी प्रयोग मागताहेत. एकच अट, थोडी पदं हवीत. भास्करलाही कळवलंय म्हणे. तो आला नाही तर प्रयोग नाही. तो आला आणि गायला, तर ते नाटक माझं नाही. तो नसला तर नाटकाचं मला तरी काय करायचंय?

१४ फेब्रु. रविवार
सकाळी भास्कर आला. मी ओसरीवरच होतो. मला ओलांडून आत बघत म्हणाला, ‘वहिनी, यांना विचारा, इगतपुरीला यायचंय का.’
मी म्हटलं, ‘त्याला विचार, कसं यायचंय. गात की बोलत.’
सौ. पीठमाखल्या हातांनी दारात आली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘भाऊजी, यांच्या नाटकात बायकांच्या पार्टालासुद्धा पुरुषच लागतात. मला कशाला काम देता?’
आणि आत गेली.

त्याने स्टूल ओढलं. बसला. आत पोळपाटाचा आवाज सुरू झाला. दोघांनी एकदम तोंड उघडलं, दोघेही थांबलो.
‘तू बोल,’ तो म्हणाला.