म्वान्साचा पहिला धडा

लुसाका, सोमवार

प्रिय आईस,

घडलं ते असं:
१. वीजतंत्राच्या वर्गात नाव नोंदवायला गेले. इंग्रजीत प्रश्न विचारताना चुकले, 'वर्गात'च्या जागी 'वर्गावर' म्हणाले.
२. खिडकीवरचा कारकून म्वान्सा रांगेला म्हणाला, "काँगोच्या बाईसाहेबांना वर्गात बसायचंय की वर्गावर चढायचंय?" सगळे हसले.
३. महिनाभर प्रश्न घोकून पुन्हा गेले. प्रवेश मिळाला.

काल तोच म्वान्सा घरी आला. "ताई, फ्रेंच शिकव ना. तुमच्या काँगोत, लुबुम्बाशीला नोकरी मिळतेय."

मी हो म्हटलं. पहिला धडा शुक्रवारी, त्याच रांगेसमोर. वर्गात नाव कसं नोंदवायचं, हे त्याने फ्रेंचमध्ये विचारायचं. मी हसणार नाही. रांगेत आपली काँगोची माणसं असतात, ती हसतील.

मी वेळेवर जेवते. झोप मात्र कमी लागते. तुझा गुडघा कसा आहे?

माझं चुकतंय असं वाटलं, तर गुरुवारपर्यंत बसवाल्याबरोबर उत्तर पाठव.

तुझी,
कापिंगा