ताप अंगावर काढणाऱ्या मंदास

प्रिय मंदा,

काल तुझी शोकसभा झाली आणि मी मधूनच उठून आले. तुला आवडलं नसतं, ठाऊक आहे. पण काय करू? तुझ्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी माईक हातात घेतला आणि समोर गणवेशात बसलेल्या पोरींना सांगितलं, "आपल्या मॅडम विद्यार्थिनी असताना अंगात ताप असूनही ड्यूटी करायच्या. एकदाही त्यांनी तक्रार केली नाही. आजच्या मुलींनी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा." पोरींनी माना डोलावल्या.

एकदाही तक्रार केली नाही! अगं मंदे, किती रडली होतीस तू!

तिथेच उभं राहून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. रिक्षा केली आणि घरी आले. संध्याकाळची मगरिबची नमाज झाली तरी डोकं शांत होईना. सून म्हणाली, "अम्मी, चहा तरी घ्या." चहा घेतला, राग तसाच. तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलंय. तू तर गेलीस. मग आता मी ते कुणाशी करू? म्हणून हे पत्र.

तू हॉस्टेलच्या खोलीत शिरलीस तो दिवस आठवतो? एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात उसाची मोळी. तुमच्या मांजरी गावाहून बसमधून आणलेली! पलंगावर टाकलीस आणि पहिला प्रश्न, "ऊस खाती का?" मी पुण्याच्या गंज पेठेतली, अब्बांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे वाढलेली. घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पण हॉस्टेल सक्तीचं. माझं आडनाव ऐकून तू विचारलंस, "शेख? म्हंजी उर्दू शाळेतली का गं तू?" मी म्हटलं, "मराठी शाळेतली. आणि तुझ्यापेक्षा माझं व्याकरण बरं आहे." त्यावर तुझं उत्तर तयार, "मग माझ्या केस स्टडी तूच लिही."

लिहिल्या की! तीन वर्षं दुसरं केलं काय आपण? पहाटे उठून प्रार्थना, हजेरी, मग वॉर्ड. खाटा आवरायच्या, रुग्णांना अंग पुसून द्यायचं, भांडी उकळायची, औषधं वाटायची. दुपारी जेवण घशाखाली ढकलून वर्गात बसायचं आणि शरीररचना शिकता शिकता बाकावर डुलक्या घ्यायच्या. संध्याकाळी परत वॉर्ड. उरलेल्या वेळात फायली लिहायच्या. माणसाला उरलेला वेळ असतो, हे कुणी गृहीत धरलं होतं कोण जाणे! वर घरचे म्हणायचे, शिकायलाच तर गेलीस ना, मग एवढी वाळलीस कशी?

आणि आपली ट्यूटर. साडीला एक चुणी नाही, चेहऱ्यालाही नाही, म्हणून आपण तिचं नाव 'इस्त्री' ठेवलं. चादरीला सुरकुती दिसली की सगळी खाट उसकटून टाकायची आणि म्हणायची, "पुन्हा." सुरकुतीनं रुग्णाच्या पाठीला जखम होते, हे तिचं म्हणणं खरंच होतं. ते मी आयुष्यभर विसरले नाही. पण त्याच्या पुढचं वाक्य कशाला लागायचं तिला? "झेपत नसेल तर घरी जा, लग्न करा. जागा अडवू नका."

सगळ्यात जास्त माझं डोकं फिरतं ते आजारी रजेच्या नियमानं. रजा हवी तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. डॉक्टर आपल्याला तपासायला बसायचे सकाळी, तेव्हा आपण वॉर्डात. वॉर्ड सोडायला इस्त्रीची परवानगी हवी. आणि इस्त्री परवानगी देणार कधी? डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर! हा नियम ज्यानं केला त्याचा पुतळा उभारायला हवा होता, हॉस्टेलच्या दारात, म्हणजे येता-जाता आपल्याला नमस्कार करता आला असता. त्यातून कुणाला रजा मिळालीच, तर ते दिवस परीक्षेनंतर भरून द्यायचे. बाकीच्या मुली सर्टिफिकेट घेऊन घरी जाणार आणि आजारी पडलेली बेडपॅन धूत राहणार. मग कोण सांगतंय आजारी आहे म्हणून?

तरी तू सांगितलंस. शेवटच्या वर्षी तुला रोज दुपारनंतर ताप चढायला लागला. उजव्या कुशीत कळ यायची, खोल श्वास घेता येईना. मी तुझ्याबरोबर गेले होते इस्त्रीकडे. तिनं मान वर न करता विचारलं, "परीक्षा जवळ आली की मुलींना बरोबर ताप कसा येतो?"

तू म्हणालीस, "मॅडम, खरंच दुखतंय."

"वॉर्डात चाळीस जणांना खरंच दुखतंय. त्यांच्याकडे बघा."

त्यानंतर चादरी ठेवायच्या खोलीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. "रेहाने, मला घरी जायचं हाय. आईकडं सोड मला." तुझं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. ही तुझी 'एकदाही तक्रार न करणं'!

पुढच्याच आठवड्यात राउंड चालू असताना तू ड्रेसिंगचा ट्रे घेऊनच खाली बसलीस. पडली नाहीस, बसलीस, ट्रे सांडू न देता. राउंड घेणाऱ्या तरुण डॉक्टरनं तुझ्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, आणि तो पांढराफटक पडला. "हिच्या छातीत पाणी झालंय. हिला ड्यूटीवर कुणी उभं केलं?"

इस्त्री म्हणाली, "तिनं सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "सांगितलं होतं, मॅडम. मी होते बरोबर."

इस्त्रीनं ते लक्षात ठेवलं. माझ्या सुट्ट्या रद्द झाल्या, रेकॉर्डवर 'उद्धट' असा शेरा पडला. तो शेरा मला आजही मेडलसारखा वाटतो. पण ते पाणी टीबीचं निघालं, आणि टीबी काही त्या शेऱ्यानं कमी झाला नाही. पाणी काढलं, स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं सुरू झाली, तू मांजरीला गेलीस आणि वर्ष बुडालं.

मी तुला भेटायला आले तेव्हा तुझे वडील अंगणात बसले होते. मला म्हणाले, "बाई, आता पोरीला परत नाय पाठवायची. माणसं बरी करायला गेली आन् सोताच आजारी पडून आली." मला त्यांचं पटलं होतं. तू मात्र आतून ओरडलीस, "मी जानार! आता सोडलं तर ती बाई म्हनंल, हिला झेपतच नव्हतं."

आणि गेलीस. आपल्यापेक्षा लहान मुलींच्या बॅचमध्ये बसून, त्यांचे टोमणे ऐकून, पुन्हा तेच वर्ग, त्याच खाटा. त्याच इस्त्रीसमोर! त्या जिद्दीपुढे मी तेव्हाही हात टेकले होते, आजही टेकते.

पुढे तू स्वतः ट्यूटर झालीस. मला केवढा आनंद झाला! वाटलं, चला, आता पोरींचे दिवस पालटले. मी दुसऱ्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर झाले होते आणि तुझ्या मुली माझ्याकडे शिकायला यायच्या. एका सकाळी त्यातली एक थंडीनं कुडकुडत इंजेक्शन भरत होती. मी तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि तिला हॉस्टेलवर पाठवलं. दुपारी तुझा फोन.

"सिस्टर, माझ्या विद्यार्थिनीला सोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

सिस्टर! तुम्हाला! मांजरीची भाषा पार धुऊन टाकून माझ्याशी शुद्ध पुणेरीत!

"मंदे, तिला ताप होता."

"आपल्याला नव्हता का?"

"होता ना. आणि छातीत पाणी झालं होतं."

"म्हणूनच मी घडले," तू म्हणालीस. "सोसल्याशिवाय नर्स होत नाही."

मी फोन आपटला. पुढची ईद येईपर्यंत आपण बोललो नाही. ईदला तू दारात उभी, हातात मिठाईचा पुडा, जणू काही झालंच नाही. "आत घेती का जाऊ?" मी हसले, आत घेतलं. तिथंच चुकलं बघ. तो विषय तू पुन्हा कधी काढू दिला नाहीस. मी तोंड उघडलं की म्हणायचीस, "सोड की गं."

मला कळत नव्हतं असं समजू नकोस. ते सगळं तू उगाच सोसलंस, असं मानणं तुला फार जड गेलं असतं. पण मंदा, म्हणून तुझ्या पोरींनी का सोसायचं? इस्त्रीला मी कधीच माफ केलं असतं. तिला काय माहीत होतं? तुला तर माहीत होतं! तापात उभं राहिलं की डोळ्यांपुढे वॉर्ड कसा गोल फिरतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

निवृत्तीचं वय झालं तरी तू कॉलेजात शिकवतच राहिलीस. मग तुझ्या किडन्या दगा द्यायला लागल्या आणि तू स्वतःच वॉर्डातल्या खाटेवर आलीस. एका सकाळी मी तुझ्यापाशीच बसले होते. तुझ्या कॉलेजची एक मुलगी रक्तदाब बघायला आली. चेहरा लालबुंद, पट्टा नीट गुंडाळता येईना. तू तिचं मनगट धरलंस. मला वाटलं, आता पोरगी बोलणी खाणार. तर तू तिची नाडी बघत होतीस.

"नाव काय तुझं?"

"कोमल, मॅडम."

"ताप कधीपासून आहे?"

"नाही मॅडम, मी बरी आहे." पाठ केल्यासारखं बोलली बिचारी.

"बस इथे."

"नको मॅडम. वॉर्डात बसायचं नाही असं सांगितलंय. काहीही झालं तरी."

"कुणी सांगितलंय?"

पोरीनं खाली पाहिलं. "तुम्हीच, मॅडम."

तू सुजलेले पाय कष्टानं भिंतीकडे सरकवलेस, खाटेवर जागा केलीस. "आता मीच सांगते. बस." ती बसली आणि रडायलाच लागली. तू वॉर्ड सिस्टरला हाक मारलीस, "हिला आधी डॉक्टरांना दाखवा. हजेरीचं मी बघते." कोमल गेल्यावर मी तुझ्याकडे वळले, तेवढ्यात तू हात वर केलास. "तू काय बोलू नको, रेहाने."

मी बोलले नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून बोलले नाही. म्हटलं, बरी झालीस की बोलू. पण तू बरी झालीस कुठे?

का गं अडवलंस मला? त्याच दिवशी प्राचार्यांना बोलावून सांगितलं असतंस तर? तुझा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नव्हतं. एवढा अधिकार असून तू तो एका पोरीपुरता वापरलास आणि गेलीस. मागे राहिला तो तुझा 'आदर्श', माईकवरून सांगायला!

काल मी उठले तशी एक मुलगी माझ्यामागे फाटकापर्यंत पळत आली. कोमलच होती. म्हणाली, "मला डेंग्यू निघाला होता, मॅडम. प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. आपल्या मॅडमनी बसवलं नसतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. मला आज सभेत हे सांगायचं होतं. सर म्हणाले, वेळ नाही."

वेळ नाही! तुझ्या तापाला वेळ आहे, तिच्या तापाला नाही.

तर ऐक. सोमवारी मी तुझ्या कॉलेजात जाणार आहे. कोमल बरोबर येते म्हणालीय. प्राचार्य चहा मागवतील, गोड बोलतील, बघू म्हणतील. मी चहा पिईन आणि उठणार नाही. आजारी रजा परीक्षेनंतर भरून द्यायचा नियम तुझ्या कॉलेजात अजून आहे, तो काढायला लावीन. ऐकलं नाही तर मंगळवारी जाईन. निवृत्त बाईला काय, वेळच वेळ. आणि तुझी गोष्ट यापुढे कुणी सांगितली, तर चादरीच्या खोलीत तू आईसाठी रडलीस तेही सांगायला लावीन, आणि म्हातारपणी पाय सरकवून एका पोरीला खाटेवर जागा दिलीस तेही.

तुला आवडणार नाही. नको आवडू दे. बोलू नको म्हणालीस तेव्हा तुझं ऐकलं, मंदे. आता नाही ऐकणार.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
रेहाना