चहाच्या वाटेवरच्या चादरी

ता. ६ फेब्रुवारी

चि. गुंड्यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि मुद्दा शेवटच्या ओळीत? सुरुवात आईच्या गुडघ्यांपासून, आणि मग एकदम, हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये चादरी निम्म्यावर आल्यात, स्टोअरकीपर मी म्हणून आळ माझ्यावर, पुढच्या शुक्रवारी चौकशी. कँटीनमध्ये उभ्या उभ्या वाचत होते, झारा हातातून कढईत पडला.

मी शाळेत फार गेले नाही, आडून विचारणं मला जमत नाही. तू घेतल्यास का? एकही? घेतल्या असशील तर तसं लिही. मी येते, आधी तुला बदडते, मग तुझ्या साहेबाशी बोलते. घेतल्या नसशील तर नाही एवढंच लिही.

मला विचारशील तर ही मेट्रनची करामत. तिच्या घरचे पडदे कशाचे आहेत ते बघून ये. आणि ती कोण नवी पोरगी आलीय म्हणतोस, हॉस्पिटलचं काम कसं चालतं ते समजून घ्यायला, कागदावर चौकोन आणि बाण काढत हिंडते, तिला चहा कसला पाजत बसतोस? बाण काढून चादरी सापडतात होय?

नोकरी गेली की क्वार्टर जाणार आणि आईला या वयात बिऱ्हाड हलवावं लागणार, हे न सांगता कळतं मला. त्याची काळजी करू नकोस. माझ्या दीड खोलीत ती मावेल. तुझे भाऊजी घोरतात, पण आईला कमी ऐकू येतं.

कळावे. उत्तराला उशीर नको, आणि जेवण टाकू नकोस.

तुझ्यावर चिडलेली,
आक्का

ता. १५ फेब्रुवारी

ती. आक्कास गुंड्याचा शि. सा. न. वि. वि.

नाही. एकही नाही.

हे आधी लिहिलं, नाहीतर पुन्हा ओरडशील. दुसरं, मी सुटलो. चादरी सापडल्या. मेट्रनच्या घरी पडदेच नाहीत, हे तुझ्या माहितीसाठी.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती चौकोनवाली पोरगी स्टोअरमध्ये आली. ती सगळ्यांना दोनच गोष्टी विचारते, काम तुमच्याकडे कुठून येतं आणि पुढे कुठे जातं. मी सांगितलं, धुलाईकडून येतं, वॉर्डात जातं, फाटलं तर शिवणखोलीत. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. शिवणखोलीच्या चौकोनात बाण शिरत होता, बाहेर एकही पडत नव्हता. मला वाटलं ती काढायला विसरली, तिला वाटलं मी सांगायला विसरलो. तिने विचारलं, काका, मग शिवून झाल्यावर त्या चादरींचं होतं काय?

आक्का, ते मलाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या स्टोअरमध्ये काढली मी.

तसेच दोघं शिवणखोलीकडे गेलो. टेलरमास्तर मशीन मांडून बाहेर बोळात बसलेला. बरेच दिवस तो तिथेच बसतो, आणि आम्ही जातायेता विचारायचो, काय मास्तर, हवा खाताय का. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून पार वरपर्यंत चादरी, शिवलेल्या, नीट घड्या घातलेल्या. मास्तर माझ्यावरच उखडला, की जागा नाही म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला. सांगितलं होतं, खरंच. मला वाटलं मोठी खोली मागतोय. सगळेच मागतात. मी त्याला अर्ज करायला सांगितलं होतं.

मग उलगडा झाला. शिवलेल्या चादरी माझ्या फळीवर आणून ठेवायचा तो म्हातारा वॉर्डबॉय, गेल्या वर्षी निवृत्त झाला तो. ते त्याचं काम नव्हतंच. चहाच्या वाटेवर शिवणखोली लागायची, म्हणून येताना गठ्ठा खांद्यावर टाकून आणायचा. फळी भरलेली दिसायची, मी कधी विचारलं नाही कोण भरतं. त्याच्या जागी आलेला माणूस चहा पीत नाही. आणि म्हाताऱ्याच्या निरोपाला भाषण मीच केलं होतं. टाळ्याही पडल्या. तो दिवसभर काय काय करतो, एवढंच त्यात नव्हतं.

चौकशीत मी तो कागद साहेबांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. मेट्रनने विचारलं, मग चोर म्हणून कुणाचं नाव लिहायचं? साहेब म्हणाले, कुणाचंच नाही, आणि त्या चौकोनातून बाहेर जाणारा बाण स्वतः काढला. आता चादरी आणणं हे नव्या वॉर्डबॉयचं ठरलेलं काम आहे.

आईला मी यातलं काही कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला, तर म्हणाली, सुटलास वाटतं. तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

कळावे. लोभ आहेच, ओरडणं तेवढं बेताने असावं ही विनंती.

तुझा,
गुंड्या

ता. २१ फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद.

पहिला शब्द वाचला. जीव भांड्यात पडला. नाही हे मला ठाऊक होतं रे. पण तुझ्या हातचं लिहिलेलं हवं होतं, कुणी भुवया उडवल्या तर तोंडावर धरायला. तुझ्या भाऊजींनी नाही उडवल्या. म्हणाले, त्याला चादरीची घडी घालता येत नाही, तो चोरणार कसली.

पोरीला नावं ठेवली ती परत घेते. तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. मेट्रनबद्दलचं परत घेत नाही. पडदे नसलेल्या घराचा भरवसा काय?

आमच्या कँटीनमधून वाढायचे मोठे चमचे सारखे नाहीसे होतात. मी भांडीवालीला धारेवर धरत आले. तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तोंड बंद ठेवून नुसती बघत राहिले, चमचा कुठून कुठे जातो ते. उरलेलं जेवण डब्यात भरून मी घरी आणते, त्यात डब्याबरोबर काय काय येतं हे कधी बघितलंच नव्हतं. भांडीवालीला चहा पाजला. ती इतकी घाबरली की कप सांडला.

आता एक काम कर. तुमच्यासाठी मी खोली मोकळी केली होती. मोठं कपाट विकून टाकलं, भाऊजींची खुर्ची जिन्यात, आणि आईसाठी कॉट लावली. तू सुटलास आणि कॉट तशीच पडलीय. येताजाता दिसते आणि मला तुझाच राग येतो. आईला विचार, येतेस का थोडे दिवस. कुणाची नोकरी गेली म्हणून नाही, अशीच. नाही म्हणाली तर तू ये. आल्यावर कुणी काही विचारणार नाही. त्या कॉटवर आडवा हो आणि ऊन पायापर्यंत येईस्तोवर झोप.

कळावे. चीड गेली, माया होती तिथेच आहे.

तुझी,
आक्का