उजवी बाजू माझी, डावी तिची

तीर्थस्वरूप ताई,

दंडवत. गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत ठणठणीत आहे, अब्रूचं मात्र काही खरं नाही.

सहा वर्षांपूर्वी तू दिलेलं सफरचंदाचं रोप आता छपराला टेकलंय, पण फळ म्हणशील तर औषधालासुद्धा नाही. (कोवळ्या वयात झाडाला नुसतं उंच व्हायचं वेड असतं, असं मी दरवर्षी घरात सांगत आलो. आपला धाकटाही तसाच होता.) यंदा तुझ्या भावजयीने निर्वाणीचं सांगितलं, फळ धरलं नाही तर झाड तोडायचं आणि तिथे कपड्यांची दोरी बांधायची. तुझ्या हातचं झाड गं ते!

मग मी कात्री घेतली. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, मला कापणं कोण शिकवणार? जुन्या फांद्यांवर बोटभर लांबीच्या, सुरकुतलेल्या, गाठीगाठींच्या काटक्या होत्या, उसवलेल्या शिवणीचे दोरे लोंबावेत तशा. उजव्या बाजूच्या सगळ्या छाटल्या. गेल्या वर्षीचे लांब, गुळगुळीत, सरळसोट कोंब तेवढे ठेवले. काय बेतली होती बाजू! डावीकडे वळणार, तोच तुझी भावजय आडवी आली. अर्धं झाड माझं, म्हणाली, आणि मला खिजवायला त्या बाजूवर ओल्या चादरी वाळत टाकायला लागली. ओझ्याने फांद्या पार आडव्या झाल्या. म्हटलं, संपलं सगळं.

आणि बहर आला, ताई! तिच्या बाजूला त्याच मेल्या काटक्यांच्या टोकांवर फुलांचे झुबकेच्या झुबके. माझ्याकडे पानंच पानं. शेंड्यांना चार फुलं आली, तीही गळाली. तेव्हा कुठे मी पुस्तक उघडलं. (आधी उघडायचं होतंस, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.) सफरचंद धरतं ते दोन-तीन वर्षांच्या फांदीवरच्या आखूड काटक्यांवर. फार जुन्या झाल्या की त्याही थकतात, पण वर्षाचा कोंब म्हणजे नुसता देखणा, कामाचा नाही. शिवाय आडव्या फांदीवर पुढच्या वर्षासाठी कळ्या जास्त बसतात म्हणे. म्हणजे पुढच्या वर्षीही तीच जिंकणार.

आता तिच्या बाजूला लिंबाएवढी सफरचंदं लागलीत. रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्याखाली उभी राहते आणि मला ऐकू जाईल अशी त्यांची विचारपूस करते. खरं सांगू? मलाही आनंदाच्या उकळ्या फुटतायत. तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. : ती म्हणते, डावी बाजू ठेवू, उजवी तोडू. माझ्या कोंबांना काटक्या फुटायला अजून दोन वर्षं तरी हवीत. तुझा शब्द ती मोडत नाही. ताई, तेवढी मुदत मिळवून दे!

दुसरा ता. क. : वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून चार ओळी. झाड कोण तोडतंय? पण तुमचं उत्तर जरा सावकाश येऊ द्या. फांद्या आडव्या व्हाव्यात म्हणून हल्ली घरातले सगळे कपडे हेच धुतात आणि आपल्या बाजूवर वाळत घालतात.